सत्राचा पहिला पंधरवडा : महाविद्यालयात काय नवं, काय हाताशी

(२०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी महाविद्यालयीन शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



जून महिना आहे. बाहेर ओल्या छत्र्यांची रांग, आत कार्यालयाच्या खिडकीपुढे पालकांची रांग. प्राचार्यांच्या टेबलावर विद्यापीठाची परिपत्रकं आणि स्टाफरूमच्या फळ्यावर अजून मागच्या सत्राचं परीक्षेचं वेळापत्रक. अशा वेळी तुम्ही दोन तास काढून इथे बसलात, म्हणून आधी आभार.

आजचा विषय साधा आहे. नवीन सत्र सुरू होतंय, तर नवीन काय आहे आणि आपल्याला, म्हणजे महाविद्यालयात काम करणाऱ्या माणसांना, त्यात संधी कुठे आहे. विद्यार्थ्यांसाठी आपण 'उद्बोधन वर्ग' घेतो. आपल्यासाठी कोण घेतो? कोणी नाही. आपलं उद्बोधन होतं ते मार्च महिन्यात, मुदत संपल्यावर.

मी स्वतःचीच फजिती सांगतो. बत्तीस वर्षं शिकवलं मी. सुरुवातीच्या काळात एकदा उजळणी वर्गाचं परिपत्रक आलं. मी विद्यापीठात पेपर तपासायला गेलो होतो. परिपत्रक माझ्या नावाने फाइलला लागलं आणि फाइल कपाटात गेली. मलाही वाटलं, आहे की पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी जागा भरलेल्या. शेवटी वर्ग झाला तेव्हा माझी पदोन्नतीची तारीख चौदा महिने पुढे सरकली होती. आणि गंमत अशी, की ती एकच तारीख सरकत नाही. त्यापुढची प्रत्येक पायरी तिच्याबरोबर सरकते, थेट निवृत्तिवेतनापर्यंत. एका न वाचलेल्या कागदाची किंमत मी अजून दर महिन्याला मोजतोय. यात वाईट कोणीच वागलं नव्हतं. कागद वेळेवर वाचला गेला नाही, एवढंच.

म्हणून आज मी फक्त तेवढंच सांगणार आहे, जे या पंधरा दिवसांत कळलं तर उपयोगी आणि मार्चमध्ये कळलं तर निरुपयोगी.

क्रेडिट म्हणजे किती तास?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठाच्या विभागांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे संलग्न महाविद्यालयांत नव्या पद्धतीची पहिली तुकडी यंदा दुसऱ्या वर्षात येतेय. पहिलं वर्ष सगळ्यांनी 'बघू, कसं होतंय' म्हणत काढलं. आता तसं चालणार नाही.

सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे, क्रेडिट. आपण 'श्रेयांक' म्हणतो. तो मार्कांचा नसतो, वेळेचा असतो. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांचा एक. सत्राचे साधारण १५ आठवडे धरा. दोन श्रेयांकांचा तात्त्विक विषय म्हणजे आठवड्याला दोन तास, चार श्रेयांकांचा म्हणजे चार तास. एका सत्रात विद्यार्थ्याने २२ श्रेयांक मिळवायचे, वर्षाला ४४. तीन वर्षांत १३२ झाले की पदवी, चार वर्षांत १७६ झाले की ऑनर्स.

मध्येच थांबायचं असेल तरी सोय आहे. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र. दुसऱ्या वर्षानंतर ८८ आणि तसेच वरचे चार, की पदविका. हे पालकांना नीट सांगा. आपल्याकडे मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरतं, मुलगा ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर जातो. पूर्वी अशा मुलांच्या हातात काही राहायचं नाही. आता राहू शकतं. पण ते वरचे चार श्रेयांक कोणीतरी वेळेवर सांगितले तर! नाहीतर ४४ श्रेयांक मिळवूनसुद्धा प्रमाणपत्र नाही.

एका माणसाचा विभाग

आता हा हिशोब शिक्षकाच्या पोटाशी कसा येतो ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. म्हणजे चार श्रेयांकांचे चार तात्त्विक पेपर असले की सहायक प्राध्यापकाचा कार्यभार पूर्ण. आणि नसले तर? मग 'कार्यभार कमी' असा शेरा, आणि त्या जागेचं पुढे काय होतं हे मी सांगायला नको.

तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, अर्धमागधी, उर्दू, भूगोल, संख्याशास्त्र, असे विभाग कित्येक ठिकाणी एका माणसावर चालतात. 'स्पेशल' घेणारी मुलं पाच-सात. नव्या रचनेत ही मंडळी घाबरलेली आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. पण याच रचनेत त्यांच्यासाठी एक दार आहे. मुक्त निवड विषय, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नियम असा, की विद्यार्थ्याने तो आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा. वाणिज्यच्या मुलाला कला किंवा विज्ञानातलं काहीतरी घ्यावंच लागणार.

माझ्या परिचयाचे तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक, तालुक्याच्या गावी. गेल्या वर्षी प्रवेशाच्या आधी त्यांनी काय केलं? विद्यापीठाने मंजूर केलेल्या मुक्त निवड विषयांची यादी, ज्याला आपण 'बास्केट' म्हणतो, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात तर्कशास्त्राचा एक पेपर होता. पण महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर तो नव्हता. का नव्हता? अर्ज तयार करणाऱ्या लिपिकाला कोणी सांगितलंच नव्हतं. हे गेले, अर्जात ओळ घालून घेतली आणि प्रवेशाच्या खिडकीशेजारी एक कागद लावला : 'स्पर्धा परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. तिचा पाया इथे शिकवला जातो.' मुलं आली. दोन तुकड्या झाल्या.

शेजारच्या महाविद्यालयात त्याच विषयाच्या एक बाई आहेत. त्याही तेवढ्याच चांगल्या शिकवतात. त्यांना हे ऑगस्टमध्ये कळलं. तोवर मुलांनी विषय भरून झाले होते. त्यांच्याकडे त्या वर्षी मुक्त निवडीची एकही तुकडी नाही. दोघांत फरक शिकवण्याचा नव्हता. फरक होता प्रवेश अर्जावरच्या एका ओळीचा.

भाषेच्या शिक्षकांनी आणखी एक बघावं. क्षमता विकास अभ्यासक्रम, ज्याला एईसी म्हणतात, त्याचे एकूण आठ श्रेयांक आहेत. त्यातले चार इंग्रजीचे आणि चार आधुनिक भारतीय भाषेचे. म्हणजे विज्ञान आणि वाणिज्यच्या मुलांपर्यंत मराठी, हिंदी पोहोचवायची ही हक्काची जागा. तिथे जुन्या 'आवश्यक मराठी'च्या नोट्स काढून वाचू नका, एवढीच विनंती. अर्ज, अहवाल, बातमी, अनुवाद, मुलाखत हे शिकवा. मुलं बसतात, मी पाहिलंय.

दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्यांसाठी यंदाची नवी गोष्ट म्हणजे क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग. कोणत्या सत्रात काय, हे तुमच्या विद्यापीठाच्या आराखड्यात पाहा. पण तास मोजा. क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक ३० तासांचा, म्हणजे दोन श्रेयांकांना ६० तास. साठ तास मुलांनी गावात, बाजार समितीत, पाणीवाटप संस्थेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात घालवायचे आहेत. हे गंभीरपणे करायचं तर जुलैतच ग्रामपंचायतीशी, संस्थांशी बोलून ठेवावं लागेल. नाही बोललात तर ऑक्टोबरमध्ये काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. आता तर तेही लागत नाही, मोबाइलला सांगितलं की तो लिहून देतो. मुलाला साठ तास द्यायचे होते, आपण त्याला सहा मिनिटं दिली, असं होऊ नये.

नावाचा घोळ आणि एबीसी

आता कार्यालयातल्या मंडळींकडे वळतो. कारण पुढची गोष्ट तुमच्या हातात आहे आणि ती शिक्षकांपेक्षा मोठी आहे.

ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, एबीसी. २०२१ मध्ये आयोगाने याची नियमावली आणली. विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होण्याचं हे खातं. डिजिलॉकरमधून उघडायचं, बारा अंकी क्रमांक मिळतो, आता त्यालाच 'अपार' क्रमांक म्हणतात. या खात्यातले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मुलगा एक वर्ष शिकून थांबला आणि तीन वर्षांनी परत आला, दुसऱ्या महाविद्यालयात गेला, तरी कमाई शाबूत.

पण अडतं कुठे? नावात! आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. कुठे 'राव' लावलेलं, कुठे काढलेलं. स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक 'ए', दुसरीकडे दोन. मुलीचं लग्न झालं की आधारवर सासरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. संगणकाच्या लेखी ही दोन माणसं. मग श्रेयांक खात्यात जात नाहीत, निकाल लागूनसुद्धा.

एका वरिष्ठ लिपिकांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडला. प्रवेशाच्या वेळी ते प्रत्येक मुलासमोर तीन कागद शेजारी शेजारी ठेवतात. बारावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक. तिन्हीकडे नाव, जन्मतारीख सारखी नसेल तर अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'ना' असं लिहितात. 'ना' म्हणजे नाव तपासा. जुलैअखेर त्या मुलांची वेगळी यादी काढतात आणि दुरुस्तीला पाठवतात. प्रत्येक मुलामागे दोन मिनिटं जातात. या पेन्सिलीच्या 'ना'साठी कोणताही पुरस्कार नाही, पण तीन वर्षांनी एखाद्या मुलीची पदवी त्यामुळे अडत नाही.

त्याच तीन कागदांवर शिष्यवृत्तीही उभी आहे. महाडीबीटीवर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कम अडकते आणि मुलाला वाटतं महाविद्यालयाने खाल्ली. आणखी एक लक्षात ठेवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. आधी ती पन्नास टक्के होती. खिडकीवर येणाऱ्या बापाला हे माहीत नसतं. तो फी ऐकतो आणि मुलीला घेऊन परत जातो. तो परत जाण्याच्या आधी हे सांगणारा माणूस म्हणजे तुम्ही.

पदोन्नतीची फाइल आज उघडा

आता शिक्षकांच्या स्वतःच्या प्रगतीबद्दल. सध्या आपल्याला लागू आहे ती २०१८ ची आयोगाची नियमावली. राज्याने ती मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने स्वीकारली. तिचा गाभा सांगतो.

सहायक प्राध्यापकाला लेव्हल १० वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, नाहीतर सहा. त्या काळात २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि शिवाय एक छोटा वर्ग, कार्यशाळा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण झालेला हवा. ११ वरून १२ ला पाच वर्षं. १२ वरून १३-ए ला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला, तीन वर्षं आणि पीएचडी अनिवार्य.

वार्षिक मूल्यमापनात पहिला प्रश्न काय? नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले? ८० टक्के आणि वर असेल तर 'चांगले', ७० ते ८० 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. दुसरा प्रश्न इतर कामांचा. परीक्षेचं काम, एनएसएस, समित्या, मार्गदर्शन, संशोधन वगैरे यादी आहे. त्यातल्या किमान तीन प्रकारांत सहभाग असेल तर 'चांगले'. म्हणून हजेरीपुस्तक आणि समितीच्या नेमणुकीचं पत्र, दोन्ही त्याच दिवशी फाइलला लावा. पाच वर्षांनी 'मी होतो हो त्या समितीत' म्हणून चालत नाही. त्या वेळचे प्राचार्य निवृत्त झालेले असतात आणि सही कोणाची आणणार?

एक तरतूद मात्र सोनाराने कान टोचावेत तशी लक्षात ठेवा. पात्रतेचा काळ पूर्ण झाल्यावर तुम्ही अर्ज केलात आणि निकष पूर्ण असतील तर पदोन्नती त्या मूळ तारखेपासून मिळते. निकष नंतर पूर्ण झाले तर त्या नंतरच्या तारखेपासून. माझे चौदा महिने असेच गेले.

वर्ग कुठे करायचे? पूर्वीची ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजेस २०१५ पासून मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि २०२३ मध्ये त्यांचं नाव झालं मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. बरेच वर्ग आता ऑनलाइन असतात, देशातल्या कुठल्याही केंद्राचा करता येतो. वर्षाचं वेळापत्रक आधी लागतं. आपलं शैक्षणिक कॅलेंडर शेजारी ठेवून परीक्षेशी न भांडणारा वर्ग आजच निवडा. 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचं शुल्क. जुलै सत्राची नोंदणी आत्ताच चालू असते. आणि तुमच्या विद्यार्थ्यांनाही सांगा. एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयम्'वरून करण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी दिलेली आहे, फक्त महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने आधी मान्यता दिलेली हवी.

संशोधन : एक यादी गेली, एक दार उघडलं

पीएचडी करायची राहून गेलेली मंडळी इथे बरीच असतील. २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. अर्धवेळ पीएचडीही करता येते, पण महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. घर, नोकरी, लहान मूल यात 'आता कुठे' म्हणून थांबलेल्या बाईंनी ही तरतूद नक्की वाचावी.

दुसरी बातमी नियतकालिकांची. यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. आता कोणतं नियतकालिक चांगलं हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आली. काहींना वाटलं, सुटलो. मी म्हणेन, सावध व्हा. यादी असतानाही पैसे घेऊन आठवड्यात छापणारे होतेच. आता त्यांचे संदेश आणखी येतील. साधी कसोटी सांगतो. त्या नियतकालिकातले मागचे दोन लेख वाचा. आपल्या विषयातल्या जाणत्या माणसाला ते दाखवायला लाज वाटत असेल तर तिथे छापू नका. आणि वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम कायम आहेत. दहा टक्क्यांवर साम्य गेलं की पायरीपायरीने कारवाई.

उघडलेलं दार म्हणजे 'एक राष्ट्र, एक वर्गणी'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. पहिल्या टप्प्यात ती शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांना आहेत. आपली बहुतेक महाविद्यालयं खासगी संस्थांची, अनुदानित. म्हणून आपला समावेश आहे का हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'चं एन-लिस्ट आहे. सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. कित्येक महाविद्यालयांत त्याची नोंदणी आहे आणि पासवर्ड फक्त ग्रंथपालांच्या वहीत आहे! आज घरी जाताना तो घेऊन जा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न (एक ग्रंथालय परिचर) : सर, तुम्ही कार्यालयाला कामं सांगितली. आमच्या प्रगतीचं काय?*

बरोबर पकडलंत मला. शिक्षकेतर माणसाला 'संधी' म्हणून आपण बहुतेक वेळा जास्तीचं कामच देतो. खरं सांगायचं तर शिक्षकांएवढे ठरलेले वर्ग तुमच्यासाठी नाहीत. पण पदोन्नतीत शैक्षणिक अर्हता लागते आणि ती नोकरी सांभाळून मिळवता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं ते अशाच लोकांसाठी. बीए तिथे होतं, ग्रंथालयशास्त्राची पदवीही होते. माझ्या महाविद्यालयात एक परिचर होते. दिवसभर पुस्तकं लावायचे आणि संध्याकाळी त्याच टेबलावर अभ्यासाला बसायचे. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. जागा निघाली तेव्हा अर्ज करू शकणारे ते एकटेच होते, कारण बाकीच्यांकडे कागद नव्हता. प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि सेवापुस्तकात त्याची नोंद करून घ्या. नोंद नसेल तर पदवी तुमच्या घरच्या भिंतीवरच राहते. आणि वर्षातून एकदा आपलं सेवापुस्तक स्वतः वाचा. तो तुमचा हक्क आहे.

*प्रश्न (एक प्राध्यापक) : आमचा विषय विद्यापीठाच्या बास्केटमध्येच नाही. मग?*

मग अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव द्यायचा. एकट्याने नको. जिल्ह्यातले तुमच्या विषयाचे चार-पाच शिक्षक एकत्र या. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे ३० तास. घटकनिहाय तास, संदर्भग्रंथ, मूल्यमापन असं सगळं लिहून द्या. तयार आराखडा समोर असला की मंडळालाही सोपं जातं. पण हे पुढच्या वर्षासाठी आत्ता करायचं, पुढच्या जूनमध्ये नाही.

*प्रश्न (तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका) : सर, मी सात वर्षं सीएचबीवर शिकवते. नेट झालंय, पीएचडी झालीय. हे सगळं ऐकलं, पण मी पुढच्या सत्रात असेन की नाही हेच मला माहीत नाही. माझ्यासाठी यात काय आहे?*

(थोडा वेळ शांतता.)

ताई, तुमच्यासाठी यात फार नाही. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. अतिथी शिक्षकांना तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असं आयोगाने २०१९ मध्येच सुचवलंय. आपल्या राज्यातला दर त्याहून कमी आहे आणि तोही वेळेवर मिळत नाही. सुट्टीचे पैसे नाहीत. ज्या रचनेचं मी मघापासून वर्णन करतोय, ती कित्येक महाविद्यालयांत तुमच्या खांद्यावर उभी आहे. हा प्रश्न अभ्यासक्रम करून सुटणारा नाही, तो जागा भरूनच सुटेल. त्यासाठी संघटनेने, संस्थेने आणि आम्ही पूर्णवेळ पगार घेतलेल्या लोकांनी बोललं पाहिजे. आम्ही पुरेसं बोललो नाही, हे मी कबूल करतो.

तोवर एवढंच करा. दरवर्षीचा नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता, घेतलेल्या तासांचा तपशील आणि अनुभवाचं प्रमाणपत्र हे सत्र संपण्याआधी हातात घ्या. सात वर्षांचे सगळे कागद. मुलाखतीला त्यांचाच आधार असतो. आणि इथे बसलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. सीएचबीच्या नेमणुकीचा आदेश सत्राच्या पहिल्या दिवशी द्या, ऑगस्टमध्ये मागल्या तारखेने नको. मानधनाचं बिल दर महिन्याला पाठवा. याला शासन निर्णय लागत नाही, पैसे लागत नाहीत. प्राचार्यांनी मनावर घेतलं की पुरे.

जाता जाता

वेळ संपत आला. पाच कामं सांगतो, पंधरा दिवसांतली. एक, विद्यापीठाची बास्केट आणि आपला प्रवेश अर्ज शेजारी ठेवून ताडून पाहा. दोन, मुलांचे तीन कागद जुळवा. तीन, वर्षभरात करायचा एक वर्ग किंवा अभ्यासक्रम आज निवडा आणि लेखी परवानगी मागा. चार, आपली फाइल किंवा सेवापुस्तक एकदा उघडा. पाच, आलेलं परिपत्रक ज्याच्या कामाचं आहे त्याला स्वतः नेऊन द्या. फलकावर लावलं म्हणजे पोहोचलं असं समजू नका. ग्रुपवर टाकलं म्हणजे तर अजिबातच नाही.

हे पाचवं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझं परिपत्रक कपाटात गेलं तेव्हा ते पाहिलेला एक माणूस होता. नंतर अनेक वर्षांनी तो मला म्हणाला, 'सर, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.' आपण सगळे असंच समजत असतो, की समोरच्याला माहीत असेल. या सत्रात एकदा तरी जाऊन विचारा, 'अहो, हे तुम्हाला कळलं का?'

चहा बाहेर ठेवलाय. आणि ताई, तुम्ही थांबा, आपण बोलू.